लेन्स न बदलता वाजलेला सीडी प्लेअर: पुण्याच्या बुधवार पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याबद्दल

“लेन्स गेलीय काका. अडीच हजार होतील, टाकू का?”

घराजवळच्या दुकानात हे निदान मला पाऊण मिनिटात मिळालं. पोराने प्लेअर पिशवीतून पुरता बाहेरही काढला नव्हता. प्लग लावणं नाही, सीडी घालून बघणं नाही, नक्की काय होतंय हे विचारणं तर लांबच. मी म्हटलं, “बाबा, उघडून तरी बघ.” तर म्हणाला, “उघडून काय बघायचं? सीडीचं सगळं लेन्सवरच असतं.” मी पिशवीची चेन ओढली आणि घरी आलो.

मी एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत ३१ वर्षं फिटर होतो. गाडी ओढत नाही अशी तक्रार घेऊन ड्रायव्हर आला की आधी त्यालाच पिळून काढायचो. चढालाच ओढत नाही की सपाटीला पण? सकाळी की तापल्यावर? धूर काळा की पांढरा? इंजिन खाली उतरवायचं ते सगळं विचारून झाल्यावर. त्यामुळे न विचारता निदान करणारा माणूस मला चालत नाही, मग तो डॉक्टर असो की रेडिओवाला.

प्लेअर १९९८ सालचा आहे. वेतन कराराची थकबाकी हातात पडली तेव्हा सौ.ला सोन्याची चेन हवी होती आणि मला सीडी प्लेअर. दोन्ही घेतलं आणि पुढचं वर्षभर दोघांनी मिळून निस्तरलं. जपानी बनावटीचा, एका वेळी एकच सीडी घेणारा, अॅम्प्लिफायर वेगळा जोडायचा. पंचवीस वर्षांत दोनदा फक्त फ्यूज गेला, बाकी काही नाही. मुलगा म्हणतो, बाबा आता सगळं मोबाईलवर फुकट ऐकता येतं. येत असेल. पण माझ्याकडे दीडशेच्या वर सीड्या आहेत, पैसे मोजून घेतलेल्या, आणि भीमसेनजी मध्येच तोडून साबणाची जाहिरात लागलेली मला सहन होत नाही.

तर दुखणं असं होतं. दोन हिवाळ्यांपासून सकाळी सीडी घातली की पडद्यावर ‘नो डिस्क’. तीच सीडी दुपारी घातली की वाजायची. वाजली तरी पहिला राग अर्धा-पाऊण तास स्वच्छ, दुसरा लागला की थोड्या वेळात कचकच आणि एकाच तानेवर अडकायचं. मुलीने कॉम्प्युटरवर जाळून, म्हणजे कोऱ्या सीडीवर गाणी भरून, दिलेल्या सीड्या तर दहादा घालाव्या तेव्हा एकदा घ्यायचा. आणि ट्रे अर्धा बाहेर यायचा, विचार करायचा आणि परत आत जायचा. पाठीवर थाप मारली की यायचा.

कार्यशाळेतला एक जुना मित्र म्हणाला, बुधवारात जा. मग एका मंगळवारी दापोडीहून मेट्रो धरली, कसबा पेठेला उतरलो आणि चालत पासोड्या विठोबाच्या देवळापाशी आलो. तो सगळा भाग इलेक्ट्रॉनिक्सचा. तपकीर गल्लीत शिरलं की वायरी, एलईडीच्या माळा, स्पीकरच्या जाळ्या, आणि मधून हातगाडी काढणारा हमाल. आम्हाला हवं असलेलं दुकान मुख्य गल्लीत नाही. बाजूच्या बोळात, एका वाड्याच्या जिन्याखाली, सहा बाय आठची जागा. बोर्ड आहे, पण त्यावरचं नाव पावसाने धुऊन नेलंय. ओळख हवी असेल तर दारात टेपरेकॉर्डरची मोकळी खोकी थप्पीने रचलेली दिसतील. बसायला एक स्टूल, त्यावर बहुतेक वेळा कुणाचा तरी अॅम्प्लिफायर बसलेला असतो.

मालक पंचेचाळीस-पन्नाशीचे. डोक्याला भिंगाचा पट्टा, कानात काही नाही, रेडिओही लावलेला नाही. मी प्लेअर टेबलावर ठेवला आणि म्हटलं, “लेन्स गेलीय म्हणतात.” ते म्हणाले, “कोण म्हणतं?” मग एकामागून एक प्रश्न. विकतची सीडी वाजते आणि घरी जाळलेली वाजत नाही, असं आहे का? अडकते ती सुरुवातीला की शेवटाकडे? सगळ्या सीड्या की ठरावीकच? सकाळी जास्त त्रास देतो का? ट्रे बंद होताना त्रास की उघडताना? घरात उदबत्ती कुठे लावता? शेवटच्या प्रश्नाला मी चमकलो, कारण देवघर त्याच शेल्फाच्या वर आहे.

तिथेच मला बरं वाटलं. डेपोत आल्यासारखं.

वर मी सांगितलेलं सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “लेन्स पूर्ण गेली असती तर दुपारीही वाजला नसता, आणि पहिला राग अर्धा तास नीट वाजला नसता. मला लेन्स ज्या दांडीवर सरकते त्या रेल्वरचं ग्रीस आणि ट्रेचा बेल्ट वाटतोय. उघडू या.” एक खुलासा करतो, कारण मलाही तो तिथेच झाला. बाजारात ‘लेन्स’ म्हणतात ते फक्त भिंग नसतं. लेसर, तो परत आलेला उजेड ओळखणारा डोळा, भिंग, त्या भिंगाला वर-खाली आणि आजूबाजूला हलवणारी नाजूक गुंडाळी, हे सगळं मिळून एक जुडगा असतो. नीट नाव ‘पिकअप’. दुकानदार लेन्स बदलली म्हणतो तेव्हा हा अख्खा जुडगा बदलतो. म्हणून अडीच हजार.

झाकण काढलं, सात स्क्रू. मी मनात मोजले, सवय आहे. आत एवढी मोकळी जागा की चपात्यांचा डबा मावेल. पिकअपवर बारीक अक्षरात नंबर होता, केएसएस-२१३सी. मालक खूश झाले. म्हणाले हे पिकअप कितीतरी कंपन्यांनी वापरलंय, अजून मिळतं, पण त्याच नंबरचे डुप्लिकेट जास्त मिळतात, तेव्हा आहे तेच वाचलेलं बरं. वर एक गोष्ट सांगितली जी मी कुठेच ऐकली नव्हती. या जातीच्या नव्या पिकअपवर कारखान्यातूनच सोल्डरचा एक ठिपका मारलेला येतो, अंगातल्या स्थिर विजेने लेसर मरू नये म्हणून. बसवताना तो ठिपका काढायचा असतो. काही पोरं काढायला विसरतात, प्लेअर चालत नाही, मग म्हणतात नवीन लेन्सही खराब निघाली.

आता खरा भाग. त्यांनी झाकण उघडंच ठेवून सीडी न घालता प्लेअर सुरू केला आणि मला म्हणाले, “बाजूने बघा, वरून वाकून नको.” सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त. डोळ्याला जेमतेम मिणमिणता लाल ठिपका दिसतो, त्यामुळे कमजोर वाटतो, पण डोळ्याला इजा करू शकतो. आणि तो ठिपका दिसला म्हणजे लेसर धडधाकट आहे असंही नाही.

प्लेअर सुरू होताना एक क्रम असतो. पिकअप आधी सरकत पार आतल्या बाजूला, मधल्या भोकाजवळ येतं आणि तिथला छोटा स्विच दाबतं. मग लेसर लागतो. मग भिंग दोन-तीनदा वर-खाली होतं, जणू कुणी चष्मा पुढे-मागे करून पेपर वाचतंय. सीडीचा पृष्ठभाग नजरेत आला की मोटर फिरते. सगळ्यात आतल्या वर्तुळात अनुक्रमणिका लिहिलेली असते, किती गाणी, किती मिनिटं. ती वाचली की पडद्यावर आकडे येतात. यातल्या कुठल्या पायरीवर गाडी अडते ते बघायचं, निम्मं निदान तिथेच होतं. भिंग हललंच नाही तर पट्टीची वायर तुटलीय किंवा लेसरपर्यंत वीज पोचत नाही. भिंग हलतंय पण सीडी फिरत नाही, तर भिंग मळलंय, लेसर थकलाय किंवा मोटर. फिरते पण आकडे येत नाहीत, हा मधला मामला, तेव्हा मीटर लागतो. आकडे येतात आणि मग पुढे कुठेतरी अडकते, तर सरकण्याच्या वाटेकडे बघा.

आमचं पिकअप पहिल्याच पायरीवर रेंगाळत होतं. आत यायला निघायचं, मध्ये थबकायचं, मग आल्यासारखं करायचं. मालकांनी रेल्वरून टोकदार काडी फिरवली आणि मला दाखवली. ग्रीस पिवळं पडून मेणासारखं झालं होतं, त्यात उदबत्तीची काजळी. सकाळच्या गारठ्यात ते आणखी घट्ट. पिकअप अनुक्रमणिकेपर्यंत पोचायचंच नाही, म्हणून ‘नो डिस्क’. दुपारी घर तापलं की पोचायचं. आणि पहिला राग का वाजायचा? सीडी रेकॉर्डच्या उलट चालते, आतून बाहेर. पहिला राग आतल्या भागात, तिथे पिकअप रोज जातं म्हणून वाट घासून मोकळी झालेली. दुसऱ्या रागाला बाहेरच्या बाजूला जावं लागतं, तिथे मेण साचलेलं. मी शेकडो गाड्यांचे गिअर लिव्हर असेच दोन गिअरमध्ये मऊ आणि तिसऱ्यात कडक झालेले पाहिलेत. लगेच पटलं.

बोलता बोलता त्यांनी मला एक गणितही घातलं. सीडीवरची रेघ एकच असते, गुंडाळीसारखी, आणि सरळ केली तर पाच किलोमीटरच्या वर भरते. दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे चाळीसेक वेढे बसतील. त्या रेघेवरून लेसरने सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास ठरलेल्या वेगाने जायचं, म्हणून सीडी आतल्या बाजूला मिनिटाला पाचशे फेरे घेते आणि कडेला येईपर्यंत दोनशेवर उतरते. मी ३१ वर्षं बेअरिंगला एक दशांश मिलिमीटरची ढील म्हणजे फार बारीक काम समजत होतो.

कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन त्यांनी भिंग पुसलं. अगदी हलक्या हाताने, आणि काडी ओली नव्हे, नुसती दमट. भिंग प्लास्टिकचं असतं आणि तारांवर तरंगत असतं, दाबलं की वाकडं होतं. काडी काळी निघाली. सौ.ने उदबत्तीची जागा बदलायला नकार दिला आहे, त्यामुळे शेल्फ बदललं.

मग स्कोप लावला, म्हणजे विजेचा सिग्नल पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र. त्या जिन्याखाली ऑसिलोस्कोप असेल असं वाटलं नव्हतं. जुना, जड, हिरव्या रेघेचा. सीडी वाजायला लागली की त्या पडद्यावर शंकरपाळ्यांची ओळ दिसते, एकमेकींना चिकटलेल्या. शंकरपाळी स्वच्छ, कडा धारदार आणि उंची साधारण एक व्होल्ट असली की लेसर तब्येतीत आहे. धुरकट आणि बुटकी असली की थकलाय. आमची पुसण्याआधी बुटकी होती, पुसल्यावर एकच्या थोडी वर गेली. “अजून बरीच वर्षं जाईल,” मालक म्हणाले. अडीच हजार वाचले ते या शंकरपाळ्यांवर. मी फोटो काढला, मुलाला पाठवला, त्याचं उत्तर आलं: हे काय?

पिकअपवर एक अगदी बारीक गोल स्क्रूसारखा भाग असतो, लेसरचा जोर कमी-जास्त करायचा. भिंगातून त्यांनी आधी तोच तपासला, कुणी फिरवलाय का. म्हणाले, तो फिरवला की मेलेला प्लेअर आठ-पंधरा दिवस सुरेख वाजतो, गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देऊन जातं, आणि मग लेसर कायमचा बसतो. घरी कुणी उघडलाच तर त्याला हात लावू नका.

ग्रीसवरून मात्र आमचं वाजलं. मी म्हटलं, माझ्याकडे चांगलं बेअरिंगचं ग्रीस आहे, घेऊन आलो असतो. मालकांनी असं बघितलं की मी जणू श्रीखंडात तेल घाला म्हटलं. जाड ग्रीस या छोट्या मोटरला झेपत नाही आणि प्लास्टिकच्या दात्यांना काही ग्रीस चालतच नाही. त्यांनी प्लास्टिकला चालणारं पातळ पांढरं ग्रीस काडीच्या टोकावर घेतलं, मुगाच्या दाण्याएवढं, संपूर्ण रेल् आणि गिअरसाठी तेवढंच. आणि गंज सोडवायचा फवारा तर यात कधीच मारायचा नाही, तो उडून भिंगावर बसतो.

ट्रेचा बेल्ट म्हणजे चौकोनी कापाचा रबराचा लहान कडा. काढून टेबलावर ठेवला तर गोल राहीना, लंबगोल झाला. ढिला बेल्ट घसरतो, ट्रे अर्ध्यात थांबतो, प्लेअरला वाटतं काहीतरी आडवं आलं, म्हणून तो ट्रे परत ओढतो. मी कुठेतरी ऐकलं होतं की उकळत्या पाण्यात टाकला की बेल्ट आवळतो. विचारलं. “आवळतो की. महिनाभर. मग परत या,” म्हणाले. नवीन बेल्ट चाळीस रुपये. मापाचा नेमका त्यांच्याकडे होता, बिस्किटांच्या डब्यात.

काम माझ्यासमोर तासाभरात झालं असतं. पण मध्ये दोन गिऱ्हाईकं आली, लाइट गेला, आणि मालक म्हणाले ठेवून जा, रात्रभर वाजवून बघतो, परवा या.

इथून तक्रारी सुरू होतात.

परवा म्हणजे नऊ दिवस. मी पाच वेळा फोन केला, चार वेळा उचलला नाही, एकदा दुकानातल्या पोराने उचलला आणि मामा जेवतायत म्हणून ठेवला. दुपारी पावणेचार वाजता. एकदा दापोडीहून फुकट खेप झाली. पावती म्हणून कॅलेंडरच्या फाटक्या कागदावर एक आकडा लिहून दिला होता, तो प्लेअरचा आहे की फोनचा हे अजून कळलेलं नाही. वॉरंटी विचारली तर म्हणाले, “मी इथेच बसलोय.” खरं आहे, बसलेच असतात, पण हे कागदावर असतं तर बरं.

आणि स्क्रू. सात गेले होते, सहा आले. मी घरी येऊन मोजले, पुढच्या खेपेला विषय काढला. त्यांनी काचेची बरणी उपडी केली, स्क्रूंचा ढीग, आणि त्यातून एक निवडून दिला. पेच वेगळा निघाला. अर्ध्यात अडकतो. साडेसहा स्क्रूंवर झाकण बसलंय असं म्हणू या. कार्यशाळेत माझ्या हाताखालच्या पोराने एक बोल्ट कमी लावला असता तर त्याला त्या रात्री झोप लागू दिली नसती.

बिल ६५० रुपये झालं. बेल्टसकट. प्लेअर आज तीन महिने झाले, सकाळी सहाला गारठ्यातही सीडी घेतो. दुसरा राग वाजतो. ज्या मारव्याच्या द्रुतावर तो अडकायचा तो मी दोन वर्षांनी पुरा ऐकला. मुलीने जाळलेल्या सीड्याही घेतो, थोडा वेळ लावून. त्याचं कारणही मालकांनी सांगितलं. विकतच्या सीडीवर अॅल्युमिनियमचा चकचकीत थर आणि त्यात ठोकलेले खड्डे असतात. जाळलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो, उजेड थोडा कमी परततो. थकल्या डोळ्याच्या प्लेअरला तो कमी पडतो. परत परत पुसून लिहायच्या सीड्यांवरून तर एक चतुर्थांशाहून कमी उजेड परततो, त्या या जुन्या प्लेअरला घेताच येणार नाहीत, त्यात त्याचा दोष नाही.

या समाधानाच्या जोरावर मी दुसरं काम घेऊन गेलो, ते घरच्या जुन्या कॉम्प्युटरचं. २००७ साली मुलाच्या लग्नाचे फोटो पाच सीड्यांवर जाळून ठेवले होते. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह उघडेना. घरीच मी एक उद्योग केला होता. ड्राइव्हच्या पुढच्या पट्टीवर टाचणी जाईल एवढं भोक असतं, कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, कागदाची क्लिप सरळ करून त्यात आडवी खुपसली की ट्रे हाताने ओढण्याइतका बाहेर येतो. आला. पण बंद केला की पुन्हा तेच. माझी समजूत, ट्रेचा बेल्ट. आता मी शिकलेला माणूस.

मालकांनी ड्राइव्ह हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, “बेल्टच आहे. सीडीला वरून धरणाऱ्या चकतीत लोहचुंबक असतं, ढिला बेल्ट त्याला सोडवू शकत नाही. पण काका, हा दुरुस्त नका करू.” मी म्हटलं का? म्हणाले, बेल्टनंतर भिंग, भिंगानंतर मोटर, आणि मागे ती रुंद पट्टीची जुनी केबल, जी तुमच्या पुढच्या कॉम्प्युटरला लागणारच नाही. यूएसबीचा बाहेरून लावायचा ड्राइव्ह घ्या, चौदाशेला गल्लीत मिळेल. माझ्याकडे नाही. दहा मिनिटं बोलले आणि एक रुपया घेतला नाही. पहिल्या तक्रारींचं निम्मं पाप मी इथे माफ केलं.

ड्राइव्ह घेतला. घरी पुढच्या यूएसबीत लावला तर गरगरून थांबायचा. फोन केला, या वेळी चक्क उचलला. “मागे लावा, थेट मदरबोर्डाला. सीडी फिरवायला सुरुवातीला जास्त वीज लागते, पुढच्या लांब वायरीत ती पोचत नाही.” मागे लावला, चालला.

पण फोटो सगळे येईनात. पाचातल्या तीन सीड्या पूर्ण आल्या, एक दोन-तृतीयांशापर्यंत आली आणि पाचवी आलीच नाही. मग त्या दोन घेऊन पुन्हा बुधवारात. मालकांनी पाचवी ट्यूबलाइटसमोर धरली. तारे दिसले, पाच-सहा बारीक भोकं, आणि एक ‘विवाह ५’ अशी उजेडाची अक्षरं. मीच लिहिली होती, बॉलपेनने, जोर देऊन. मला वाटायचं सीडीची चकचकीत बाजू जपायची, छापलेल्या बाजूला काही होत नाही. उलटं आहे. चकचकीत बाजूला सव्वा मिलिमीटर प्लास्टिक असतं, त्यावरचा लहानसहान ओरखडा प्लेअर सावरून घेतो. रेघेच्या दिशेने दोन-अडीच मिलिमीटर माहिती सलग गेली तरी सीडीच्या आतल्या हिशेबातून ती भरून काढता येते. पण उजेड परतवणारा थर छापील बाजूला, नुसत्या वार्निशच्या पापुद्र्याखाली असतो. तिथे पेन रुतलं की थरच गेला. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती जास्त सोसते. पुसायचं तेही गोल गोल नको, मधून कडेकडे सरळ, कारण गोल ओरखडा रेघेच्या बाजूने जातो आणि एकाच ठिकाणची सगळी माहिती घेऊन जातो.

चौथी सीडी त्यांनी दुकानातल्या तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहिली. दुसऱ्या ड्राइव्हने, जो धूळ खात पडलेला सर्वात जुना होता, वेग कमी करून ती पूर्ण वाचली. एकाला न दिसणारं दुसऱ्याला दिसतं, असं म्हणाले. पाचवी गेली. त्यात वरातीचे फोटो होते. सौ. म्हणाली, बरंच झालं, त्यात तुम्ही नाचला होतात. दोनशे रुपये घेतले, मी काही बोललो नाही.

कुणी जाणार असेल तर दोन गोष्टी. स्वतःच्या तीन सीड्या घेऊन जा, एक विकतची धडधाकट, एक जाळलेली, एक जी नेहमी अडकते. त्यामुळे निदान पटकन होतं, आणि त्यांच्या दुकानात ट्रायलला एकच सीडी आहे, ती ऐकून कंटाळा येतो. आणि कुठल्या क्षणी बिघडतं ते आधी घरी लिहून ठेवा, ‘वाजत नाही’ एवढं सांगितलं तर ते तुम्हाला पुन्हा घरी पाठवतील. मी तरी एकाला पाठवताना पाहिलंय. रागावला होता.

ज्यांना दुसऱ्या दिवशी हवंय त्यांनी तिथे जाऊ नये. डीव्हीडीचे प्लेअर ते घेतात, पण नव्या गाड्यांमधले सीडी डेक घेत नाहीत, मी भाच्याचा नेऊन पाहिला.

पाचात मी साडेतीन देतो. अर्धा स्क्रूचा कापला, एक फोनचा. माझ्याकडे आता जुना कॅसेट डेक आहे, त्याचेही बेल्ट विरघळून डांबर झालेत. न्यायचाय. दुकान कोणत्या वारी बंद असतं ते विचारायला सकाळपासून तीनदा फोन लावलाय.